एकाच फीडरवर

बाबांना मशीनमध्ये सरकवलं तेव्हा
डॉक्टरबाई म्हणाल्या, काही करायचं नाही.
डोळे मिटा, झोपू मात्र नका.
आठ मिनिटं.
बाबा माझ्याकडे बघून म्हणाले,
"अगो, कायच करायचा नाय, तर पगार कसला?"

सोनू बाळा लासे, वायरमन, नाटे सेक्शन,
एकतीस वर्षं.
खाडीच्या दोन्ही काठांवरचे खांब
त्यांना नंबराने नाही, माणसांसारखे ठाऊक:
हा वाकडा, तो खाऱ्या वाऱ्याने सोललेला,
त्या टोकाच्या खांबावर घारीचं घरटं,
त्याच्यावर एप्रिलात चढायचं नाही.

मग पडद्यावर चित्र आलं. करड्या रंगात तांबडे ठिपके,
एक कपाळामागे, दुसरा पार मागच्या बाजूला खोल.
"हे दोघं जोडलेले," बाई म्हणाल्या,
"म्हणजे मधली तार दिसली असं नाही.
एकत्र उजळतात, एकत्र मावळतात, म्हणून म्हणायचं."
बाबा हसले. हे तर त्यांचंच शास्त्र.
ऑफिसातला नकाशा कधीच वाळवीने खाल्लेला.
कुठलं घर कुठल्या फीडरवर
हे ते अंधारावरूनच ओळखत आले:
नाट्यात जैनब सोलकरचा दिवा गेला
की पलीकडे जैतापूरच्या जेटीवर बर्फाचा कारखाना गप्प,
आणि जैनबच्या कुंपणाला लागून असलेली शाळा
ढिम्म उजेडात.
शेजार वेगळा. एका लायनीवर असणं वेगळं.

लहानपणी, बाई सांगत होत्या,
जवळचा जवळच्याशीच बोलतो.
(मला आमची वाडी आठवली. सहा घरं, एक मीटर,
आणि आकडा टाकून पेटवलेला सातवा बल्ब.)
मग लांबच्या लायनी पडतात,
नको त्या वायरी कापल्या जातात,
बघण्याचं फीडर निराळं, हातांचं निराळं,
आणि एक नुसतं स्वतःशी बोलत बसण्याचं,
कामाला हात घातला की जे आपसूक मंद होतं.
बाबा तेव्हा खांबावर, कमरेला दोरी, दातांत टेस्टर.
वर गेल्यावर डोक्यात कायच नसायचा, म्हणायचे.
तुझी फी पण नाय.

आता एकाहत्तर.
एका लायनीतलं दुसऱ्या लायनीत झिरपतं.
चहात साखर घालताना मध्येच
कुठल्या तरी जुन्या वादळात पडलेले खांब पेटतात,
मंद व्हायला हवं ते मंद होत नाही,
आणि साखर पुन्हा पडते.
नात समोर उभी, बोट तिच्याकडे, नाव नाही.
"ती गो... घारीच्या खांबाखाली जन्मली ती..."
नाव तिथून निघतं, तरीवाल्याच्या खळ्यातून,
कुणाच्या तरी माडाला वळसा घालून,
आणि पोचतं. वैजू.
तोवर वैजू कंटाळून खेळायला गेलेली.

"एक वाट बंद झाली की मेंदू दुसरीकडून पुरवठा घेतो,"
बाई म्हणाल्या, चांगल्या बातमीच्या आवाजात.
"बॅकफीड," बाबा म्हणाले. आणि गप्प झाले.

कारण त्याला त्यांच्यात दुसरंही नाव आहे.
उलटा करंट.
बाबी शिवलकर बंद लायनीवर चढला होता.
लाईन बंदच होती.
खाली कुणाच्या तरी हळदीला जनरेटर लागला.
शिडी बाबांनी धरली होती.

गेल्या शिमग्यापासून
ते माझ्या नवऱ्याला बाबी म्हणतात.
आधी आम्ही चूक सुधारायचो.
आता तो ओ देतो.

रिपोर्टवर लिहिलंय, वयानुरूप बदल.

परतताना जैतापूरच्या पुलावर आलो
आणि लाईट गेली, निम्म्याच काठाची.
बाबांनी काच खाली केली,
अंधार नीट न्याहाळला.
"सोलकरणीची गेली. शाळा हाय."
अचूक.
मग पुढे वाकून
गाडी चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.
"बाबी, चढू नको रे इतक्यात.
आधी खाली इचार,
कोणाकडे लगीन हाय."